नाशिक जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाचे प्रशासन

नाशिक जिल्ह्यातील सार्वजनिक प्राथमिक शाळांची स्थापना, खर्च, शिक्षकांच्या नेमणुका व तपासणी यांची एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विकसित होत आलेली व्यवस्था. या व्यवस्थेत तीन घटक प्रमुख आहेत : पैसा पुरविणारे शासन व करदाते, निर्णय घेणारे लोकनियुक्त मंडळ आणि अंमलबजावणी व तपासणी करणारा अधिकारिवर्ग. या तिघांत अधिकारांची वाटणी कशी असावी, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय. शिक्षकाची नेमणूक व बदली कोणी करावी, या बाबीवर तो प्रत्येक कालखंडात येऊन ठेपलेला दिसतो.

प्रारंभ : वुडच्या १८५४ च्या खलित्यानुसार मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये स्वतंत्र शिक्षण खाते स्थापन झाले. तत्पूर्वी गावोगावच्या पंतोजींच्या खाजगी शाळा व मोजक्या सरकारी मराठी शाळा एवढीच सोय होती. १८६३ मध्ये जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसविण्यात आला आणि त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखण्यात आला. १८६९ मध्ये या उपकराला कायद्याचा आधार मिळाला. खानदेश व अहमदनगर या जिल्ह्यांतील तालुके एकत्र करून नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला, तोही याच वर्षी. त्यामुळे जिल्ह्याच्या निर्मितीपासूनच येथील खेड्यांतील शाळांचा मुख्य आधार शेतकऱ्याने भरलेला लोकल फंड हा होता. निर्णयाचा अधिकार मात्र खात्याच्या हाती होता. मास्तरांची नेमणूक खाते करी आणि शाळेची परीक्षा घेण्यास खात्याचे ‘डेप्युटी’ येत.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात या विसंगतीवर बोट ठेवले. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गांना होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपवावे आणि त्यासाठी स्वतंत्र शालेय निधी असावा, अशी शिफारस आयोगाने केली. १८८४ च्या कायद्यांन्वये लोकल बोर्डे व नगरपालिका यांची पुनर्रचना झाली आणि शाळांचा आर्थिक भार त्यांच्यावर आला. तथापि शिक्षकवर्ग व तपासणी यांवरील नियंत्रण पुढे सुमारे चार दशके खात्याकडेच राहिले. पैसा द्यावा बोर्डाने आणि हुकूम द्यावा खात्याने, अशी ही स्थिती होती.

स्कूल बोर्डाचा काळ : विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण हा सोपीव विषय झाल्यावर रँग्लर र. पु. परांजपे यांच्या मंत्रिपदाच्या कारकीर्दीत १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा संमत झाला. त्याने प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डे व मोठ्या नगरपालिका यांच्या स्कूल बोर्डांकडे सोपविला. शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या प्रथमच लोकनियुक्त सभासदांच्या कक्षेत आल्या. खेड्यातील गाऱ्हाणे जिल्ह्याच्या गावी मांडता येऊ लागले, हा या बदलाचा लाभ. मास्तराची बदली हे स्थानिक राजकारणाचे साधन बनू लागले, हा त्याचा दोष. हार्टोग समितीने १९२९ च्या अहवालात स्थानिक संस्थांकडे अधिकार प्रमाणाबाहेर सोपविले गेल्याची टीका केली. पहिलीत दाखल झालेली बहुसंख्य मुले साक्षर होण्यापूर्वीच शाळा सोडतात, याकडेही तिने लक्ष वेधले.

शाळा सार्वजनिक पैशावर चालत असली, तरी ती सर्वांना खुली होतीच असे नाही. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा इ. अस्पृश्यांना खुली करावीत, असा त्याचा आशय होता. अंमलबजावणी स्थानिक संस्थांवर अवलंबून असल्याने ती मंदगतीने झाली. नाशिक येथे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाने या नगरातील सामाजिक विषमता देशापुढे आली. लोकनियुक्त मंडळ हे बहुमताचे मंडळ असते. ज्यांचा त्यात आवाज नाही, त्यांच्या मुलांसाठी वरिष्ठ शासनाचे संरक्षण आवश्यक ठरते, हे या अनुभवातून दिसून आले.

प्रांतिक स्वायत्ततेनंतर १९३८ च्या दुरुस्तीने स्कूल बोर्डाच्या प्रशासन अधिकाऱ्याची नेमणूक सरकारने स्वतःकडे घेतली. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने हीच दिशा पक्की केली. जिल्हा स्कूल बोर्ड कायम राहिले, परंतु दैनंदिन कारभार सरकारी अधिकाऱ्याकडे गेला आणि खर्चाचा वाढता वाटा शासनाने उचलला. १९४८ मध्ये सुरगाणा संस्थान विलीन झाल्यावर तेथील डोंगराळ आदिवासी मुलूखही या व्यवस्थेच्या कक्षेत आला.

जिल्हा परिषद : वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. जिल्हा स्कूल बोर्डाची जागा परिषदेच्या शिक्षण समितीने घेतली. समितीचा सभापती लोकनियुक्त, तर शिक्षणाधिकारी तिचा पदसिद्ध सचिव असतो. नेमणुका व शिस्त यांचे अधिकार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे असून तालुका पातळीवर गटशिक्षणाधिकारी व शिक्षण विस्तार अधिकारी काम पाहतात. १९९० च्या दशकात काही शाळांच्या समूहामागे एक केंद्रप्रमुख हे पद निर्माण झाले.

या यंत्रणेवरील भार सतत वाढत गेला. जिल्ह्याची लोकसंख्या १९६१ मध्ये सुमारे १८·५ लाख होती, ती २०११ मध्ये सुमारे ६१ लाख झाली. १९९९ मध्ये त्र्यंबकेश्वर व देवळा हे तालुके नव्याने निर्माण होऊन तालुक्यांची संख्या पंधरा झाली. निफाडसारख्या बागायती तालुक्यातील मोठ्या पटाची शाळा आणि पेठ-सुरगाण्यातील पाड्यावरची एक-दोन शिक्षकांची शाळा यांना एकच नियमावली लागू असते. दुर्गम शाळेवर गेलेला शिक्षक लवकरच सोयीच्या गावी बदली मागतो. त्यामुळे रिक्त जागांचा त्रास आदिवासी पट्ट्याला अधिक होतो. या भागात दादासाहेब बिडकर यांच्या डांग सेवा मंडळाने १९३७ पासून शिक्षणकार्य केले. पुढे शासकीय व अनुदानित आश्रमशाळांची स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली. तिचे नियंत्रण आदिवासी विकास विभागाकडे असल्याने एकाच तालुक्यात दोन समांतर शालेय प्रशासने नांदू लागली.

शहरांची स्थिती : सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती, ओझरचा विमान कारखाना आणि सिडकोची नवी वस्ती यांमुळे नाशिक शहर झपाट्याने वाढले. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि आसपासची खेडी मिळून महानगरपालिका झाली. या विस्तृत क्षेत्रातील सार्वजनिक प्राथमिक शाळांची जबाबदारी तिच्याकडे आली. मालेगाव येथे २००१ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. तेथे उर्दू माध्यमाच्या शाळांना विशेष महत्त्व आहे. माध्यमिक शिक्षणाचा भार मात्र जिल्ह्यात प्रामुख्याने खाजगी अनुदानित संस्थांनी वाहिला असून १९१४ मध्ये स्थापन झालेला मराठा विद्या प्रसारक समाज ही त्यांतील अग्रगण्य संस्था होय.

अलीकडील प्रवृत्ती : १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सार्वजनिक शाळेला व्यवस्थापन समिती अनिवार्य केली. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्मे सभासद स्त्रिया असावेत, असे बंधन आहे. याच्या उलट दिशेने, २०१७ पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या राज्यस्तरीय धोरणानुसार संगणकाद्वारे करण्याचे ठरले आणि भरतीसाठी ‘पवित्र’ ही संगणकीय प्रणाली आली. त्यामुळे वशिल्याला आळा घालण्याचा मार्ग खुला झाला, परंतु स्थानिक मंडळाचा सर्वांत महत्त्वाचा अधिकार संपुष्टात आला. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपल्यावर निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. अशा काळात शिक्षण समितीही नसते. मग शाळेविषयी लोकांच्या वतीने प्रश्न विचारण्याचे काम गावातील पालकांच्या समितीवरच येऊन पडते.

सुमारे दीड शतकाच्या या वाटचालीत नेमणुकीचा अधिकार खात्याकडून स्कूल बोर्डाकडे, तेथून सरकारी अधिकाऱ्याकडे व अखेर राज्यस्तरीय प्रणालीकडे गेला. केंद्रित सत्तेच्या काळात नियम एकसारखे झाले, पण गावाची गरज दूर राहिली. विकेंद्रित सत्तेच्या काळात गरज ऐकली गेली, पण ज्याचे वजन अधिक त्याची आधी. कोणत्याही व्यवस्थेचे यश अखेर दूरच्या पाड्यावरील शाळेत शिक्षक नियमितपणे हजर असतो की नाही, यावरूनच ठरते.