आत्याचे फेफरे

औरंगाबादेस (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) गुलमंडीजवळच्या आमच्या वाड्यात १९६७ च्या दिवाळीत धाकटी आत्या करंज्या लाटता लाटता कोसळली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. कोणी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला, कोणी चप्पल हुंगवली, आजीने मीठमोहऱ्या ओवाळल्या. दोन-तीन मिनिटांत आत्या आपली आपणच शुद्धीवर आली आणि श्रेय मात्र कांद्याला मिळाले! महिन्याभरात तिचे ठरलेले लग्न मोडले.

स्मृती हरपते तो अपस्मार. चरकाने त्याचे कारण देहातील दोषांत शोधले होते. आमच्या आळीने मात्र ते बाहेरच्या बाधेत शोधले. आजोबा हट्टी. त्यांनी आत्याला घाटीच्या दवाखान्यात नेले. १९५६ साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याचेच हे रुग्णालय. तिथे तिला गार्डिनलच्या गोळ्या मिळाल्या. हे औषध फेफऱ्यावर चालते हे १९१२ साली हाउप्टमान नावाच्या जर्मन डॉक्टराने दाखविले होते.

पण फेफरे येते तरी कसे? मज्जापेशी संदेश देते तेव्हा सोडियम आत शिरते, पोटॅशियम बाहेर पडते. हा पसारा आवरणारा पंप पेशीच्या पापुद्र्यातच असतो. १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी तो खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंत हुडकला आणि १९९७ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळाले. एका फेरीत तो तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. त्याला इंधन सतत लागते.

मज्जापेशींच्या भोवती आणखी एक जात असते. फिर्खो यांनी १८५६ साली तिला ‘ग्लिया’, म्हणजे सरस, असे नाव दिले आणि शंभर वर्षे शास्त्रज्ञांनीही तिला सरसाहून अधिक मान दिला नाही. १९६६ साली कफलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की बाहेर साचलेले पोटॅशियम या पेशींना जाणवते. आज आपण जाणतो की त्या ते शोषून घेतात आणि एकमेकींना जोडलेल्या असल्याने दूरवर वाटून देतात. मला आपल्या मलिक अंबरची नहर आठवते: पाणी खेळते राहिले तर ठीक, तुंबले की घात! बाहेर पोटॅशियम वाढले की शेजारच्या मज्जापेशी सहज भडकतात, त्या आणखी पोटॅशियम ओततात. झटक्याच्या वेळी ते तिप्पट-चौपट होते. सगळ्याच झटक्यांचा उगम एवढ्यातच आहे असे मात्र नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या रोगट भागात ग्लियाच्या पोटॅशियमवाटा उण्या आढळतात; आणि अशा एका वाटेच्या जनुकातील दोषाने मुलांना झटके येतात, हे २००९ साली उघड झाले.

आत्याच्या डोक्यात नेमके काय तुंबले होते, कोण सांगणार? गोळ्यांनी झटके थांबले; स्थळे मात्र आली नाहीत. त्यात १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातच वारंवार फेफरे येणाऱ्यास लग्नाला अपात्र ठरविले. आजोबांनी ती बातमी वाचली आणि वर्तमानपत्र घडी करून उशाखाली ठेवले. आत्याला दाखविले नाही.

तो शब्द १९९९ साली कायद्यातून गेला. ती बातमी मी आत्याला मोठ्याने वाचून दाखविली. ती तेव्हा बावन्न वर्षांची होती. “पुन्हा वाच,” म्हणाली. मी पुन्हा वाचली. मग चष्मा मागून घेऊन तिने स्वतः वाचली.