शनिवार तेल्यांना गावात घाणा मिळाला, आम्हाला पाणवठा का नाही?

भारतात ज्यूंचा छळ कधीच झाला नाही, हे वाक्य आजकाल फार अभिमानाने सांगितले जाते. व्याख्यानमालेत सांगतात, इस्राएलचा कोणी पाहुणा आला की अग्रलेखात सांगतात. गोव्यात पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनने ज्यू वंशाच्या माणसांना जाळले, तेवढे सोडले तर वाक्य खोटे नाही. पण लगेच पुढे जोडले जाते की म्हणून हिंदू समाज मुळातच सहिष्णू आहे. आमची हरकत या जोडकामाला आहे. आणि ती नोंदवायला कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचा इतिहासच पुरेसा आहे.

जुना कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी या समाजाची परंपरा. जहाज कोणत्या काळात फुटले यावर अभ्यासकांचे एकमत नाही. (किनाऱ्याला लागलेल्या चौदा देहांची गोष्ट चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही येते, हे जाता जाता लक्षात ठेवावे.) या लोकांनी तेलाचा घाणा धरला. घरात मराठी आली. आडनावे गावांवरून पडली: किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावाने नाव ठेवले शनिवार तेली.

या नावाकडे जरा नीट बघा. गावाने परक्या धर्माच्या माणसाला सामावून घेतले म्हणजे नेमके काय केले? त्याला जात दिली. तो कोणाची प्रार्थना करतो, काय खातो, याच्याशी गावाला देणेघेणे नव्हते. त्याने घाणा चालवावा आणि नेमून दिलेली पायरी सोडू नये, एवढाच करार. याला सहिष्णुता म्हणायचे तर खुशाल म्हणा. पण याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे बरोबर घेऊन चवदार तळ्याचे पाणी प्यायला जावे लागले. तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव त्याआधी तीन वर्षे कागदावर होता. तरीही पाणी प्यायलेल्यांवर लाठ्या पडल्या आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. समुद्रातून आलेला गावात बसला आणि याच मातीतला गावकुसाबाहेर राहिला. कारण गावाला परक्याची भीती कधीच नव्हती. भीती होती ती फुकट राबणारा माणूस पायरी सोडून वर येण्याची.

‘घेटो’ हा शब्द १५१६ साली व्हेनिसमध्ये ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीवरून जगभर गेला. बाबासाहेबांनी आपल्या एका अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथाला नाव दिले ‘अस्पृश्य अथवा भारतातील घेटोची लेकरे’. युरोपातल्या ज्यूंचा शब्द इथे कोकणातल्या ज्यूंना लागू पडला नाही. तो लागू पडला महारवाड्याला.

मग हा समाज टिकला कसा? गावाच्या मेहेरबानीवर नाही. शतकानुशतके त्यांच्याकडे धर्मगुरू नव्हता, हिब्रू विसरली होती. उरले होते थोडेच: आठव्या दिवशीची सुंता, शनिवारची विश्रांती, खवले नसलेला मासा न खाणे, ‘शेमा’ ही एक प्रार्थना. आणि पोहे, नारळ, फळांचा मलिदा करून एलिया पैगंबराचे स्मरण. चारदोन आचार, पण घराघरात पाळलेले.

त्यावर उभारणी केली ती त्यांनी स्वतः. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवीला समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत. मशीद बंदर स्टेशनाच्या नावाचा उगम त्याच्याशी जोडला जातो. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी त्यांना मराठीतून हिब्रू शिकवली, हेतू अर्थातच धर्मांतराचा. यांनी भाषा शिकून घेतली आणि बहुतेक सगळे आपल्या धर्मात राहिले. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकरांनी समाजाची शाळा काढली. पुढे रिबेका रूबेन या बाईंनी १९२२ ते १९५० ती शाळा सांभाळली. १८८० पासून मराठी कीर्तने सुरू झाली, आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. ज्यांना हिब्रू ग्रंथ वाचता येत नव्हता त्यांच्यापर्यंत ग्रंथ टाळ-पेटीवर पोहोचला. आमच्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत कसा नेला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कीर्तनांचे मोल वेगळे सांगायला नको. वरळी नाक्याला जाणाऱ्या डॉ. ई. मोझेस रोडवरून आपल्यापैकी अनेकजण रोज जातात. ते मोझेस म्हणजे याच समाजातले एलिजा मोझेस राजपूरकर, १९३७ मध्ये मुंबईचे महापौर. आणि हे सगळे कोणत्या संख्येवर? स्वातंत्र्याच्या सुमारास सारा समाज वीस हजारांच्या आसपास होता. आपल्या एका मोठ्या वस्तीएवढा.

मात्र इथेच थांबलो तर आम्ही भाटगिरी केली असे होईल. जातीच्या समाजात राहून जात न लागणे कठीण. या वीस हजारांतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ होते. बिगर-ज्यू आईची मुले आणि त्यांचे वंशज ते काळे. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही, रोटीव्यवहारही नाही, सिनेगॉगमध्ये वागणूक दुय्यम. तिकडे कोचीनमध्ये परदेशी ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना बरोबरीने बसता येत नसे. त्यांच्यातलेच वकील अब्राहाम बराक सालेम यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला. धर्मग्रंथात जात नसलेल्या धर्मालाही भारतात मंदिरप्रवेशासारखा लढा द्यावा लागला.

पुढे बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. आपल्या माणसांत जातो आहोत ही भावना. तिथे रंगावरून भेदभाव होतो म्हणून १९५१ मध्येच काहींनी धरणे धरले, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. शंभराहून अधिक लोक परत आलेही. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले: बेने इस्राएल माणसाला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचे असेल तर त्याची आई, आजी, पणजी ज्यू होती का हे तपासा. ज्या समाजातल्या ‘गोऱ्यां’नी पिढ्यान्‌पिढ्या ‘काळ्यां’च्या आज्यांची चौकशी केली, त्या अख्ख्या समाजाची आता चौकशी सुरू झाली.

त्यांनी अर्ज-विनंत्यांवर भागवले नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह जेरुसलेममध्ये ठाण मांडले. शेवटी ऑगस्टमध्ये सुट्टीवरची संसद बोलवावी लागली आणि बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत असे तिने जाहीर केले. दोन आठवड्यांत धर्मपीठाने फर्मान दुरुस्त केले. त्यातून बेने इस्राएल हे नाव गेले. ज्याच्या वंशाबद्दल शंका येईल अशा कोणाचीही चौकशी करण्याचे कलम मात्र तसेच राहिले.