छाप कोणाची, माल कोणाचा?

आज ज्याला फ्रँचाइझी म्हणतात, त्या व्यवहाराचे मर्म आपल्या नळदुर्गहून जवळच असलेल्या सोलापूरच्या विडीधंद्यात केव्हाच उघडे पडले आहे. विडीवर छाप कारखानदाराची, वळणाऱ्या बाया आपापल्या घरी, मध्ये ठेकेदार. तेंदूपान, तंबाखू मापून द्यायची आणि तयार विड्या मोजून घ्यायच्या. पान फाटके निघाले तर बाईने पदरच्या पैशाने हजार पुरे करायचे. तपासणीत 'छाट' ठरली तर मजुरी बुडाली.

मग मालक कोण? १९५८ साली मध्य प्रदेशातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, विड्या पुरविणारा सट्टेदार हा स्वतंत्र कंत्राटदार. त्याची माणसे कारखान्याची कामगार नव्हेत. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने मात्र कागदाआड पाहिले. घरी वळणारीही कामगार ठरली. ठेकेदारामागचा छापवाला जबाबदार झाला. महाराष्ट्राच्या नियमांनी छाटीस शेकडा ५ ची मर्यादा घातली. मालक न्यायालयात गेले. १९७४ साली कायदा टिकला.

फ्रँचाइझीचा दुकानदार भांडवल स्वतःचे घालतो, एवढा भेद आम्हांस मान्य आहे. पण पुष्कळ करारांत माल कंपनी सांगेल तेथूनच घ्यावा लागतो, पसंती-नापसंती कंपनीची, आणि तोटा मात्र दुकानदाराचा. म्हणून आम्ही संघटनेची माणसे सांगतो: सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. माल कोण देतो? नाकारतो कोण? दोहोंचे उत्तर एकच असेल, तर पाटीखाली नाव कोणाचेही असो, मालक तोच.