मेडिकलवाला म्हणतो "तेच आहे"

परवा कोपरखैरण्यात एका मेडिकलमध्ये उभा होतो. पुढच्या काकांची कोलेस्टेरॉलची गोळी संपलेली. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, ही घ्या, तेच आहे." चिठ्ठीवर ॲटॉरव्हास्टॅटिन १०, हातात रोसुव्हास्टॅटिन १०. तेच नाही मंडळी! दोन्ही एकाच घराण्यातली, पण वेगळी औषधं.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे तांदळावरची एक बुरशी. जपानच्या सान्क्यो कंपनीत अकिरा एन्डो यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये त्यांना कॉम्पॅक्टिन सापडलं. लिव्हर ज्या एन्झाइमच्या जोरावर कोलेस्टेरॉल बनवतं, त्यालाच ते अडवतं. पण बाजारात पहिलं आलं ते अमेरिकेच्या मर्क कंपनीचं लोव्हास्टॅटिन, १९८७ ला. तेही बुरशीतूनच काढलेलं. तरी बऱ्याच डॉक्टरांना शंका होती, आकडा उतरला म्हणून माणूस वाचतो का? १९९४ साली उत्तर मिळालं. स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांचे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले.

ॲटॉरव्हास्टॅटिन आलं १९९७ ला, पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेलं. अमेरिकेत त्याचं जेनेरिक मिळायला २०११ चा नोव्हेंबर उजाडला. आपल्याकडे मात्र ते कितीतरी आधीपासून देशी नावांनी मिळत होतं. कारण १९७० चा पेटंट कायदा. औषधाला पेटंट नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीला. पद्धत बदला आणि बनवा! २००५ पासून ती सोय गेली. आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्यासारखे औषधी पट्टे त्याच काळात फोफावले, हे विसरायला नको.

आता मुद्दा "तेच आहे"चा. २००१ च्या ऑगस्टमध्ये बायरला सेरिव्हास्टॅटिन मागे घ्यावं लागलं. स्नायू विरघळून किडनी बंद पडत होती, पन्नासच्या वर मृत्यू नोंदले गेले. तेही स्टॅटिनच होतं!

आज मिळणाऱ्या गोळ्या तशा नाहीत, घाबरून बंद करू नका. पण १० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन वाईट कोलेस्टेरॉल साधारण ४५ टक्के उतरवतं, तेवढंच ॲटॉरव्हास्टॅटिन ३५ ते ४०. सिम्व्हास्टॅटिन रात्री घ्यायचं, या दोन्ही केव्हाही चालतात. काही अँटिबायोटिक सिम्व्हास्टॅटिनसोबत घातक ठरतात. किडनीचा त्रास असेल तर रोसुव्हास्टॅटिनचा डोस जपून. कंपनी बदलली आणि औषध, डोस तोच असेल तर खुशाल स्वस्तातली घ्या. औषधाचंच नाव बदलत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

काकांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस थांबा, जुनीच आणा.