वस्तादाचा हात

आज शहरात कुणाला तब्येत सुधारायची असली, की तो जिममध्ये जादा पैसे मोजून स्वतःपुरता ट्रेनर लावतो. पाठ धरली की मालिशवाल्याकडे जातो आणि तिथेही भागले नाही तर फिजिओथेरपिस्टची वेळ घेतो. एकच शरीर तीन ठिकाणी दाखवले जाते आणि त्या तिघांची एकमेकांशी गाठही पडत नाही. ही वाटणी आता इतकी अंगवळणी पडली आहे, की ती पूर्वापार असावी असे वाटते. पण मराठी मुलखाच्या तालमींचा इतिहास पाहिला तर चित्र निराळे दिसते. मेहनत आणि मालिश ही तिथे एकाच कामाची दोन अंगे होती आणि ते काम एकाच माणसाच्या देखरेखीखाली चाले. माझे म्हणणे असे, की तालमीची खरी कमाई तेलात नव्हती आणि जोर-बैठकांच्या आकड्यातही नव्हती. एका जाणत्या माणसाला समोरच्या पोराचे अंग ठाऊक असणे, ही ती कमाई होती. विसाव्या शतकात ती आपल्या हातून गेली, आणि ज्या कारणांनी गेली त्यांत वैद्यकाचा वाटा फार थोडा होता.

मुळात हा जोड तालमीहून जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायाम कशाला म्हणावे हे सांगून झाल्यावर लगेचच, व्यायामानंतर सगळे अंग सोसेल असे चोळावे, असे सांगितले आहे. वाग्भटाने दिनचर्येत क्रम उलटा धरला आहे, आधी अभ्यंग आणि मग व्यायाम. क्रमाबद्दल मतभेद असला तरी एकाला सोडून दुसऱ्याचा विचार दोघेही करत नाहीत. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे व्यायामाचे माप. आपल्या ताकदीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा, असा दोघांचाही दंडक आहे. निम्मी ताकद खर्ची पडली हे ओळखायचे कसे, तर कपाळावर, नाकावर, सांध्यांत घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते, श्वास वाढतो. हे माप आकड्यांत देता येत नाही. ते ज्याचे त्याचे असते, शिवाय वयाप्रमाणे, ऋतूप्रमाणे, खाण्यापिण्याप्रमाणे बदलते. म्हणजे ते पाहणारे कुणीतरी जवळ लागते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा, 1130 च्या आसपासचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ आपल्याला आणखी जवळचा, कारण त्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग होता. राजाच्या उपभोगांत स्नान आणि अभ्यंग येतात, तर विनोदांत मल्लविनोद येतो. त्यात मल्लांची वय आणि ताकद पाहून प्रतवारी केली आहे आणि भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणक, स्तंभश्रम असे मेहनतीचे प्रकार दिले आहेत. वजन उचलणे, चालणे, पोहणे, हातांची रेटारेटी आणि खांबावरची मेहनत. आपला मल्लखांब या स्तंभश्रमातून आला असे अभ्यासक मानतात. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवा जन्म दिला.

पेठेतल्या किंवा गावच्या तालमीत हे सगळे कसे चाले, ते जरा जवळून पाहायला हवे. पहाटे हौद खणायचा. लाल माती चाळून त्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ करायची. कोवळ्या पोराला थेट लढतीत कुणी उतरवत नसे. आधी हौद उकरणे, मग जोर, मग बैठका, मग जोडीदाराशी लढत, आणि या प्रत्येक पायरीवर वस्ताद कडेला बसून बघत असे. कुणाचा डावा खांदा उतरतो, कुणाचा गुडघा बैठकीत आत वळतो, कोण कालच्या मेहनतीने जड झाला आहे, हे त्याला दिसे. लढती झाल्या की पैलवान एकमेकांचे अंग रगडत. आधी तळवे आणि पोटऱ्या, मग मांड्या, मग पाठ. अंगठा कण्याच्या दोन्ही बाजूंनी वर सरकवायचा, मांडीवर कोपराने दाब द्यायचा, जाडजूड गड्याच्या अंगावर तर पायाने चालायचे. तेल जिरेपर्यंत हात थांबायचा नाही. कुठे रग भरली आहे, कुठे गाठ आली आहे, कुठे हात लावताच गडी दचकतो, हे सगळे या रगडण्यातच कळे आणि कळले की वस्तादाच्या कानावर जाई. दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या बैठका कमी होत, किंवा त्याला नुसते मातीत लोळून पडायला सांगितले जाई. मुरगळले, लचकले, उसण भरली तर पहिला इलाजही तिथेच होई. म्हणजे मालिश नुसती सेवा नव्हती, ती तपासणीही होती. पुढच्या मेहनतीचा हिशेब तिच्यावरून ठरत असे.

यावर कुणी म्हणेल, की तालमीत तर एका वेळी वीस-तीस पोरे असायची, मग याला व्यक्तिगत मार्गदर्शन कसे म्हणायचे? शंका रास्त आहे. पण एकत्र मेहनत करणे आणि एकसारखी मेहनत करणे यांत फरक आहे. तालमीत पोरे एका हौदात उतरत, पण प्रत्येकाचा जोडीदार वेगळा, खुराक वेगळा, जोरांचा आकडा वेगळा. दूध-बदाम, तूप, थंडाई कुणाला किती सोसेल हेदेखील वस्तादच ठरवी. पठ्ठा अमुक वस्तादाचा, ही त्याची ओळखच असे आणि तो मैदानात हरला तर वस्तादाची मान खाली जाई. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला आश्रय दिला, 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले, तेव्हा हजारोंच्या डोळ्यांसमोर लढत होती ती एकेका वस्तादाची वर्षानुवर्षांची देखरेख.

मग हे तुटले कुठे? मला वाटते, या फाट्यावर एक माणूस उभा दिसतो, बडोद्याचे राजरत्न प्रा. माणिकराव. गायकवाडांच्या बडोद्यात जुम्मादादा हे नावाजलेले वस्ताद होते. त्यांचा आखाडा पुढे माणिकरावांकडे आला आणि जुम्मादादा व्यायाममंदिर म्हणून नावारूपाला आला. माणिकराव मोडलेली हाडे बसवण्यासाठी प्रसिद्ध होते. म्हणजे मेहनत आणि इलाज एकाच हातात ठेवणारी जुनी परंपरा त्यांच्यात पुरी मुरलेली होती. आणि याच माणसाने सांघिक व्यायामाची कवायत बसवली. शेकडो मुले एका आज्ञेवर एकच हालचाल करतील, आज्ञा इंग्रजी न राहता देशी भाषेतल्या असतील, अशी ती योजना होती. हेतू मोठा होता. परकी सत्ता होती, पिढीच्या पिढी धडधाकट करायची होती आणि प्रत्येक पोरामागे एक वस्ताद कुठून आणणार? 1914 मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळा काढली, 1924 मध्ये पुण्यात शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ सुरू केले, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेत होते. 1938 मध्ये कांदिवलीला व्यायामशिक्षक घडवणारी सरकारी संस्था निघाली. या सगळ्यांनी लाखो मुलांना मैदानावर आणले आणि त्या ऋणाला कमी लेखणे कृतघ्नपणा ठरेल. पण कवायतीत रांग दिसते, एकेकट्याचा गुडघा दिसत नाही. आणि रांगेला मालिश करता येत नाही. व्यायाम शाळेच्या वेळापत्रकात शिरला तेव्हा मर्दन दाराबाहेर राहिले ते असे. माणिकरावांचेच एक शिष्य जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. 1924 मध्ये लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांचा शरीरावरचा परिणाम यंत्रांनी मोजायला घेतला. एका आखाड्यातून निघालेल्या दोन वाटा अशा, एक मैदानाकडे आणि दुसरी प्रयोगशाळेकडे. तालमीचा हौद दोन्हींच्या मध्ये राहिला.

मालिशीचे काय झाले ते अधिक क्लेशकारक आहे. चोळण्याचे काम आपल्याकडे बहुतेक करून न्हाव्याकडे, सुइणीकडे होते. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातला संवाहक, म्हणजे अंग चोळणारा, हादेखील सांगतो, की कला म्हणून शिकलेली गोष्ट पुढे त्याच्या पोटापाण्याचा धंदा झाली. दुसऱ्याच्या अंगाला हात लावणाऱ्याचा आपल्या समाजाने मान राखला नाही आणि जे काम खालचे ठरले त्यातले ज्ञान कुणी लिहून ठेवले नाही. वस्ताद एवढा अपवाद, कारण त्याच्या हाताला मैदानातल्या विजयाची झळाळी होती. युरोपातही ही ताटातूट झालीच. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांच्या 1813 च्या संस्थेत व्यायाम आणि उपचार एकाच छताखाली होते. 1894 मध्ये लंडनमध्ये प्रशिक्षित मालिशकर्त्या परिचारिकांनी आपली वेगळी संस्था काढली, ती मालिशीच्या नावावर चाललेल्या बदनामीपासून आपला पेशा वाचवायला. त्याच संस्थेतून तिथली फिजिओथेरपीची संघटना वाढली. आपल्याकडे हे शास्त्र तयार होऊन आले. 1953 च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईत केईएम रुग्णालयात त्याचे शिक्षण सुरू झाले. ते आले हे उत्तमच झाले. पण ते रुग्णालयाच्या दाराने आले, तालमीच्या नाही, त्यामुळे दोघांची ओळख व्हायची राहिली.

आता सर्वांत जड आक्षेप. मालिशीने खरोखर काही होते का? तालमीत सांगतात तसे तिने ताकद वाढते, याला आधार नाही. मेहनतीने स्नायूंत साठलेले आम्ल मालिश पिळून काढते, ही जिममध्ये ऐकू येणारी समजूतही चुकीची आहे. ते आम्ल मालिश न करताही तास-दोन तासांत आपोआप ओसरते. मेहनतीनंतरची अंगदुखी थोडी कमी होते, सांधे काही काळ मोकळे वाटतात, झोप लागते, इतपतच म्हणता येते. हे मला मान्य आहे आणि माझा मुद्दा याने ढासळत नाही, उलट पक्का होतो. मालिश स्वतंत्र औषध म्हणून तोलली तर हलकीच भरणार. तिची खरी किंमत उद्याची मेहनत आज ठरवण्यात होती, आणि मेहनतीपासून तोडली की तेवढीच नेमकी जाते. दुसरा आक्षेपही टाळता येणार नाही. हाड बसवणाऱ्यांनी घट्ट पट्ट्या बांधून रक्त अडवल्याने हातपाय गमावलेली माणसे आहेत. मोडलेल्या हाडाला आज एक्स-रे आणि अस्थितज्ज्ञच हवा, तिथे परंपरेचा मान राखायचे कारण नाही. शिवाय वस्तादाची नजर तीक्ष्ण असली तरी तिला ओळखीच्या खेळाची हद्द होती. गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव 1948 मध्ये ऑलिंपिकसाठी लंडनला गेले तेव्हा मॅटवरची आंतरराष्ट्रीय कुस्ती त्यांना नवी होती. तिथे अमेरिकेचे माजी कुस्तीगीर रीस गार्डनर यांनी त्यांना शिकवले. खाशाबांचा तेव्हा सहावा क्रमांक आला आणि 1952 मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणले. या हकिकतीतून कुणी तालीम अपुरी होती असे काढील. मला त्यातून दिसते ते हे, की मातीत एकेका पठ्ठ्याला न्याहाळून घडवलेल्या शरीराला नवे नियम शिकवायलाही पुन्हा त्या एकट्याला पाहणारा गुरूच लागला.

राहिला बायकांचा प्रश्न. तालमीत त्यांना जागा नव्हती, कित्येक ठिकाणी उंबऱ्याच्या आत पाऊलही टाकता येत नसे, आणि या परंपरेचे गोडवे गाताना हे दडवणे अप्रामाणिकपणा होईल. तरी हा जोड बायकांच्या हातात मात्र टिकला. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ-माखू घालणारी बाई सव्वा महिना रोज त्याच घरी येते. पाटावर पाय पसरून ती बाळाला पायांवर घेते, तेल जिरवते आणि मग उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला असे कैचीसारखे भेटवून बाळाला व्यायाम देते. मालिश कुठे संपली आणि व्यायाम कुठे सुरू झाला हे वेगळे काढता येत नाही. बाळ आज किरकिरे का, नाळ सुकली का, आईच्या कमरेला कालच्यापेक्षा आराम आहे का, हे तिला हाताखाली कळते आणि त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशीचा हात हलका किंवा जोराचा होतो. तिच्या कामातले सगळे राखावे असे नाही. कोंडलेल्या खोलीतली धुरी आणि तापलेली शेगडी बाळाच्या फुप्फुसांना आणि कातडीला घातक आहे, तान्ह्याच्या नाका-कानांत तेल सोडणेही थांबायला हवे. यातले धोके तिला समजावून सांगणे हे आरोग्यखात्याचे काम आहे आणि ते अवघडही नाही, कारण ती रोज येते, तिला घरात मान आहे आणि नवे ऐकायला तिचे कान उघडे असतात. खासबागेच्या मैदानावर गाजलेल्या वस्तादांची नावे लोक अजून घेतात. या बायकांपैकी एकीचेही नाव कुठल्या व्यायामाच्या पुस्तकात शोधून सापडत नाही.