डोंग समाजाचे छपराचे लाकडी पूल

दक्षिण चीनमध्ये ग्वेइचौ, हूनान आणि ग्वांगशी यांच्या सीमा जिथे मिळतात त्या डोंगराळ पट्ट्यात डोंग लोक राहतात. ते स्वतःला 'काम' म्हणवतात. त्यांच्या भाषेला पारंपरिक लिपी नव्हती. रोमन अक्षरांवर आधारलेली लिपी 1958 मध्ये तयार झाली. त्यामुळे या समाजाचा इतिहास अभ्यासताना गीतांबरोबरच बांधकामांकडेही साधन म्हणून पाहावे लागते. त्यांचे छपराचे पूल हे असेच एक साधन आहे. चिनी भाषेतील त्यांच्या नावाचा अर्थ 'वारा-पावसाचा पूल' असा होतो.

उदाहरण म्हणून ग्वांगशीतील चेंगयांगचा पूल घेऊ. लिनशी नदीवर 1912 साली सुरू झालेले हे काम पुढे कित्येक वर्षे चालले. पुलाची लांबी 64 मीटरहून थोडी अधिक आहे. नदीपात्रात तीन दगडी खांब, त्यामुळे चार गाळे, आणि वर पाच मनोरे. खांबांवर फरच्या ओंडक्यांचे थर असे रचले आहेत की वरचा थर खालच्यापेक्षा पुढे येतो. दोन्ही बाजूंनी टोके पुढे आल्यावर उरलेले अंतर तुळयांनी जोडता येते. (श्रीनगरला झेलमवरच्या जुन्या कदलांतही देवदाराचे लाकूड याच तत्त्वावर रचत.) मनोरे केवळ शोभेचे वाटतात, पण ते खांबांच्या बरोबर वर असल्याने त्यांचा भार ओंडके दाबून धरतो. छप्पर वाटसरूला आडोसा देते हे खरेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते खालचे लाकूड कुजू देत नाही. सांधे खिळ्यांवाचून, खाचेत टोक घट्ट बसवून केलेले असतात. मुख्य सुतार सारी मापे एका लांब बांबूवर खुणांनी नोंदवतो.

खर्च कोण करी? गावकरीच. कोणी लाकूड देई, कोणी पैसा, कोणी अंगमेहनत. देणगीदारांची नावे पुलावर किंवा शिलालेखात नोंदवत. पूल तयार झाल्यावर तिथे बाके आली, देव आले, गप्पांचे अड्डे बसले. गावाचे भाग्य नदीबरोबर वाहून जाऊ नये म्हणून पूल त्याला अडवतो, अशीही समजूत आहे.

चेंगयांगच्या पुलाला 1982 मध्ये राष्ट्रीय संरक्षण मिळाले आणि 1983 च्या पुरात त्याचा मोठा भाग वाहून गेला. तो पुन्हा उभारला गेला. मग आजचा पूल 1912 चा मानायचा की 1983 नंतरचा? माझ्या मते हा प्रश्न दगडी वास्तूंच्या सवयीतून येतो. लाकडी पुलाचे भाग बदलतच असतात. टिकवायची असते ती बांबूवरची मापे वाचणारी माणसे आणि लाकूड देणारे गाव.

ग्वेइचौतील तीपिंगचा पूल एकोणिसाव्या शतकातला. तो 1959 मध्ये जळाला, 1964 मध्ये पुन्हा बांधला गेला आणि 2004 च्या पुरात वाहून गेला. तेव्हा गावकरी प्रवाहामागे धावत गेले आणि त्यांनी तुळया, खांब नदीतून ओढून काढले. पूल नव्याने उभारताना हेच लाकूड पुन्हा वापरले गेले.