दूरध्वनीवरची नाणेफेक

घटस्फोट झालेले पतिपत्नी दोन वेगळ्या शहरांत राहतात. मोटार कोणाला मिळावी, हे त्यांना दूरध्वनीवरून नाणे उडवून ठरवायचे आहे. त्याने 'छापा' म्हटले आणि पलीकडून 'काटा पडला' असे उत्तर आले, तर ते खरे कसे मानायचे? हा प्रश्न मॅन्युएल ब्लम यांनी १९८१ मध्ये मांडला. त्यांचे उत्तर मोठ्या संख्येचे अवयव पाडणे अवघड असते, या गृहीतावर उभे होते. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. मग निसर्गनियमांचाच पहारा बसवता येईल का?

डिसेंबर १९८४ मध्ये बंगलोरच्या एका परिषदेत चार्ल्स बेनेट व जिल ब्रासार यांचा निबंध सादर झाला. त्यातील गुप्त किल्ली पाठवण्याची पद्धत पुढे प्रसिद्ध झाली. पण त्याच निबंधात नाणेफेकही होती.

समजा, ती त्याला प्रकाशकणांची मालिका पाठवते. सर्वांचे ध्रुवीकरण एकाच प्रकारचे असते : उभे-आडवे किंवा तिरपे. त्याने प्रकार ओळखायचा. मापनानेच कणाची अवस्था बदलते, म्हणून त्याला केवळ अंदाज करता येतो. त्यानंतर ती प्रकार आणि प्रत्येक कणाची दिशा सांगते. प्रकार खोटा सांगितला, तर तिची यादी त्याच्या नोंदींशी जुळत नाही.

यातील फट लेखकांनीच दाखवली होती. तिने परस्परांत गुंफलेल्या कणांच्या जोड्या घेतल्या आणि प्रत्येक जोडीतील एक कण जवळ ठेवला, तर त्याचा अंदाज ऐकल्यावर तो सोयीच्या प्रकारे मोजता येतो. यादी हुबेहूब जुळते!

१९९३ मध्ये ब्रासार व त्यांच्या तिघा सहकाऱ्यांनी 'बंद लखोट्या'ची पद्धत मांडली. निवड आधी द्यायची, उघडायची नंतर. ती अभेद्य असल्याची सिद्धताही दिली. पण १९९७ मध्ये मेयर्स यांनी, आणि स्वतंत्रपणे लो व चाऊ यांनी, दाखवले की उघडण्यापूर्वी लखोट्यातून काहीच कळत नसेल, तर गुंफलेले कण राखून ठेवणाऱ्याला आतली निवड बदलता येतेच.

किल्लीची पद्धत मात्र टिकली. तेथे दोघांचा एकमेकांवर विश्वास असतो. शत्रू तिसराच असतो. एड्रियन केंट यांनी १९९९ मध्ये प्रकाशवेगाच्या मर्यादेचा आधार घेऊन लखोट्यासाठी वेगळी वाट शोधली.

कोणतीही सिद्धता शिकवताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : लबाडी करणारा काय करणार नाही, असे आपण यात गृहीत धरले आहे?